'ब्रॉडकास्ट' : पेरणीच्या एका इंग्रजी शब्दाची कुळकथा

बियाण्यांबरोबर मिळणारी पत्रके, खतांच्या वापराविषयीच्या सूचना आणि पेरणीयंत्रांची माहितीपुस्तके यांत 'ब्रॉडकास्ट' हा इंग्रजी शब्द पुन:पुन्हा येतो. शब्द अनोळखी नाही. परंतु ज्याला त्याला तो रेडिओच्या संबंधात ठाऊक असतो. त्यामुळे शेतीच्या पत्रकात तो समोर आला म्हणजे वाचणारा क्षणभर अडखळतो. अलीकडे इंग्रजी मजकुराचे यंत्राने केलेले मराठी भाषांतर भ्रमणध्वनीवर सहज वाचावयास मिळते. त्यात 'बियाणे प्रसारित करावे' अशा थाटाची वाक्ये आढळतात. बियाणे प्रसारित करावे म्हणजे ते गावात वाटावे, त्याची जाहिरात करावी की शेतात टाकावे, याचा त्यावरून कोणासही बोध व्हावयाचा नाही. मूळ इंग्रजी वाक्याचा अर्थ एवढाच असतो की, बी मुठीने फोकून टाकावे.

गोष्ट केवळ शब्दापुरती असती, तर ती भाषेच्या पंडितांवर सोपवून मोकळे होता आले असते. परंतु सुपर फॉस्फेट जमिनीवर फोकले की ते बियाण्याच्या खाली पेरले, यावर त्यातील स्फुरदाचा किती अंश पिकाच्या मुळांना मिळणार हे ठरते. रब्बीच्या कोरडवाहू रानात ज्वारी फोकली की तिफणीने पेरली, यावर ती उगवणार की नाही हेच ठरते. पत्रकातील एका शब्दाचा अर्थ चुकला, तर चूक कागदावर राहत नाही, ती रानात उतरते. म्हणून हा शब्द आला कोठून, त्याला दोन अर्थ कसे चिकटले आणि आपल्या भाषेत त्याच्यासाठी कोणकोणते शब्द आधीच आहेत, हे गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी नीट पाहून ठेवणे अगत्याचे आहे.

शब्दाची घडण

'ब्रॉड' म्हणजे रुंद, ऐसपैस. हा इंग्रजी भाषेचा जुना, घरचा शब्द. 'कास्ट' म्हणजे फेकणे किंवा फेकलेले. हा मात्र पाहुणा आहे. उत्तर युरोपातून समुद्रमार्गे आलेल्या नॉर्स लोकांनी इंग्लंडच्या पूर्व व उत्तर भागांत वस्ती केली, त्यांच्या बोलीतून तो इंग्रजीत शिरला. या दोहोंचा समास होऊन 'ऐसपैस फेकलेले' असा सरळ अर्थ होतो. जाळे फेकणे, गळ फेकणे, फासा फेकणे या साऱ्या क्रियांना इंग्रजीत 'कास्ट' हाच शब्द चालतो. साच्यात रस ओतून केलेल्या बिडाच्या वस्तूलाही तोच लागतो. हवामानाच्या अंदाजाला 'फोरकास्ट' म्हणतात, तेथेही हाच 'कास्ट' आहे. मात्र तेथे त्याचा अर्थ फेकणे असा नसून मनाशी हिशेब मांडणे, बेत करणे असा आहे.

येथे एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. सरकारी अर्जांवर जातीच्या रकान्याला 'कास्ट' म्हणण्याचा प्रघात आहे, आणि देवनागरीत दोन्ही शब्द सारखेच लिहिले जातात. परंतु त्या दुसऱ्या 'कास्ट'चा या शब्दाशी काही संबंध नाही. तो पोर्तुगीजांच्या 'कास्ता' या शब्दावरून आलेला आहे, आणि इंग्रजीत त्याच्या शेवटी एक अक्षर जास्त असते.

'ब्रॉडकास्ट' हा शब्द बियाण्याच्या संदर्भात इंग्रजी लिखाणात १७६७ च्या सुमारास आढळू लागतो. आरंभी ते विशेषण होते. बी कसे पेरलेले, तर ऐसपैस फेकलेले. 'हाताने बी फोकणे' असे क्रियापद त्यापासून १८१३ पर्यंत तयार झाले. बी सोडून बातमी, मत किंवा अफवा चहूकडे पसरविणे असा लाक्षणिक अर्थ त्याला रेडिओच्या फार पूर्वीच, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जडलेला होता. रेडिओचा अर्थ अगदी अलीकडचा, १९२१-२२ मधला. म्हणजे हा शब्द सुमारे दीडशे वर्षे रानात वावरला आणि मग नभात गेला.

इतका जुना धंदा, इतका उशिरा शब्द

येथे एक प्रश्न सहज उद्भवतो. मुठीने बी फोकण्याची चाल इंग्लंडमध्ये शेतीइतकीच जुनी. पेरक्या गळ्यात बियांची टोपली अडकवून नांगरलेल्या रानातून एका लयीत चालत जाई. पाऊल पडले की मूठ सुटे, आणि बी कमानीसारखे पसरे. गहू, जव, ओट, सारे काही याच रीतीने पेरले जाई. मग या रीतीला नाव मिळावयास अठरावे शतक का उजाडावे लागले ?

कारण असे की, जोवर धान्य पेरण्याची एकच रूढ रीत होती, तोवर तिला वेगळे नाव देण्याचे प्रयोजनच नव्हते. 'पेरणे' म्हटले की फोकणेच समजले जाई. दुसरी रीत पुढे आली, तेव्हा पहिलीला नाव लागले. आपल्याकडेही असेच घडत आलेले आहे. सुधारित जातीच्या कोंबड्या येण्यापूर्वी 'गावरान कोंबडी' असे कोणी म्हणत नसे; कोंबडी ती कोंबडीच. लोखंडी नांगर शेतात उतरला, तेव्हा घरच्या नांगराला 'लाकडी नांगर' म्हणावे लागले. ज्याला विशेषणाची गरज नव्हती, त्याला नव्या भावंडामुळे विशेषण मिळते.

इंग्लंडमधील हे नवे भावंड म्हणजे 'ड्रिल', बी ओळीत सोडणारे यंत्र. जेथ्रो टल या कायदा शिकलेल्या जमीनदाराने १७०१ च्या सुमारास असे यंत्र बनविले. टल हा वाद्यांचा जाणकार होता. ऑर्गन या वाद्यातील हवा अडविणारी व सोडणारी खाच पाहून, बी मोजके सोडण्याची युक्ती त्याला सुचली. पुढे १७३० नंतरच्या काळात आपल्या शेतीपद्धतीवर त्याने ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याची सारी मते बरोबर होती असे मुळीच नव्हे. माती अगदी बारीक केली की झाडे तिचे कणच खातात, सबब खताची फारशी जरूर नाही, असे तो मानीत असे; ही समजूत साफ चुकीची ठरली. परंतु पीक ओळीत असले म्हणजे दोन ओळींमधून घोड्याने ओढावयाचे कोळपे चालविता येते, ही त्याची गोष्ट खरी ठरली. त्याच्या पश्चात इंग्लंडमधील जमीनदारांत 'ड्रिल' चांगले की जुनी रीत चांगली, असा वाद बरीच वर्षे चालला. त्या वादाच्या भरात जुन्या रीतीचा उल्लेख करण्यासाठी एक शब्द हवा झाला, आणि 'ब्रॉडकास्ट' हा शब्द छापील पानांवर रुजला.

दख्खनमध्ये उलटी गोष्ट

इंग्लंडमध्ये फोकणे हा नियम आणि ओळीत पेरणे हा नवा शोध. दख्खनच्या पठारावर याच्या अगदी उलट परिस्थिती होती. येथे पाभर आणि तिफण फार जुन्या काळापासून चालत आलेल्या आहेत. लाकडी दिंड, तिला बसविलेले फण, फणांमागे उतरणाऱ्या पोकळ नळ्या आणि त्या सर्वांच्या माथ्यावर चाडे, इतकीच तिची सामग्री. गावचा सुतार ती बनवितो आणि दुरुस्तही करतो. चाड्यावर मूठ धरणारीच्या बोटांतून बी सुटते, नळ्यांतून उतरते आणि फणांनी उकललेल्या ओल्या मातीत जाऊन पडते. टलने जे काम खाचांवर आणि चक्रांवर सोपविले, ते येथे शेतकरणीची मूठ करीत आली. 'चाड्यावर मूठ धरणे' हे काम सर्वांना साधत नाही, आणि ज्या बाईची मूठ सारखी चालते, तिला पेरणीच्या दिवसांत गावभर मागणी असते.

१७९० च्या दशकात कॅप्टन थॉमस हॅल्कॉट या कंपनीच्या लष्करातील अधिकाऱ्याने दक्षिण हिंदुस्थानात अशी अवजारे चालताना पाहिली आणि त्यांची हकीकत लंडनच्या कृषिमंडळाला लिहून कळविली. ओळीने पेरण्याचे यंत्र ही युरोपातील अलीकडची करामत आहे, अशी त्याची तोपर्यंत समजूत होती. येथील शेतकरी ते काम सहजगत्या करीत असलेला पाहून त्याला नवल वाटले. विलायतेतील विद्वान ज्या गोष्टीवर वाद घालीत होते, ती येथे वादाची गोष्टच नव्हती.

याचे कारण जमिनीत आणि पावसात आहे. दख्खनच्या काळ्या जमिनीत रब्बीची ज्वारी पेरावयाची ती पावसाळा सरत आल्यावर, साठलेल्या ओलीवर. त्या वेळी वरचा थर झपाट्याने सुकत असतो आणि ओल खाली गेलेली असते. बी वर फोकले, तर ते सुक्या मातीत पडून राहील, नाही तर पाखरे व मुंग्या ते वेचून नेतील. तिफणीचा फण सुका थर फोडून बी ओलीपर्यंत नेऊन ठेवतो. मागून वखर किंवा फळी फिरली की माती दाबली जाते आणि ओल धरून राहते. वाफसा साधणे आणि ओलीत बी उतरविणे, या दोन गोष्टींवर येथील रब्बी उभी आहे. कोकणात स्थिती निराळी. तेथे आभाळ सतत गळत असते आणि खाचर चिखलाने भरलेले असते. बी खोल नेण्याची तेथे गरज नाही, म्हणून भाजलेल्या राबावर भाताचे बी फोकतात, आणि मोड आलेले बी चिखलावर फोकण्याची 'रहू' पद्धतही तेथे आहे.

याचा परिणाम भाषेवर झालेला दिसतो. देशावर 'पेरणे' म्हटले की पाभर किंवा तिफण डोळ्यांसमोर येते, आणि मुठीने टाकण्यास निराळे सांगावे लागते. फोकणे, फोकून पेरणे, विस्कटणे, विखरून टाकणे, असे त्यासाठी अनेक शब्द आहेत. पूर्व विदर्भातील धानाच्या मुलखात सरळ बांधीत धान फोकण्याला 'आवत्या' म्हणतात. तेथे रोपे म्हणजे 'पऱ्हे' आणि त्यांची लावणी म्हणजे 'रोवणी'. इंग्लंडमध्ये फोकण्याला नाव नव्हते, कारण तेच सर्वत्र होते. आपल्याकडे त्याला गावोगाव नाव आहे, कारण ते अपवादाचे काम आहे. सबब 'ब्रॉडकास्ट'साठी नवा संस्कृत शब्द घडवीत बसण्याचे कारण नाही. भंडाऱ्याच्या शेतकऱ्याला धानाविषयी सांगताना 'आवत्या' म्हणावे आणि साताऱ्याच्या शेतकऱ्याला खताविषयी सांगताना 'फोकून द्यावे' म्हणावे. दोघांनाही ते लगेच उमगते.

शंभर चौकटी आणि शंभर दाणे

फोकण्याने बी 'सारखे' पसरते, असे पुष्कळांना वाटते. हात सरावाचा असेल, तर प्रत्येक वाफ्यात जवळजवळ सारखे बी जाते हे खरे. परंतु दाण्यादाण्यातील अंतर सारखे पडत नाही, आणि कितीही सरावाने पडावयाचे नाही. हे शेतकऱ्यांना दाखवून देण्यासाठी एक सोपा प्रयोग गावातच करता येईल. ओल्या गोणपाटावर खडूने दहा उभ्या व दहा आडव्या, अशा शंभर सारख्या चौकटी आखाव्यात. गव्हाचे शंभर दाणे मोजून घ्यावेत आणि ते एखाद्या हुशार पेरक्याकडून त्या चौकटींवर टाकवून घ्यावेत. चौकटींबाहेर पडलेले दाणे उचलून पुन्हा टाकावेत. मग प्रत्येक चौकटीत किती दाणे पडले ते मोजावे.

शंभर चौकटी आणि शंभर दाणे, तेव्हा प्रत्येकीत एक दाणा पडेल अशी बहुतेकांची अपेक्षा असते. गणित निराळेच सांगते. दाणे आपापल्या गतीने कोठेही पडत असले, तर सरासरीने सुमारे ३७ चौकटी रिकाम्या राहतात, सुमारे ३७ चौकटींत एकेक दाणा पडतो आणि उरलेल्या २६ चौकटींत दोन, तीन किंवा अधिक दाणे गर्दी करतात. म्हणजे शंभरांपैकी ३७ दाण्यांनाच स्वत:ची जागा मिळते, आणि ६३ दाणे दाटीत सापडतात. प्रयोग प्रत्येक वेळी थोडा इकडे तिकडे होईल, परंतु पाचसहा वेळा करून सरासरी काढली तर आकडे याच्या आसपास येतील. पेरक्याची यात काही चूक नसते. कोणतीही गोष्ट विखरून टाकली की ती अशीच पडते.

यावरून 'तिफणीने दाणे सारख्या अंतरावर पडतात, म्हणून तिफण चांगली' असे कोणी म्हणेल, तर तेही घाईचे होईल. गव्हाचा हिशेब करून पाहावा. हेक्टरी १०० किलो बी म्हणजे चौरस मीटरला १० ग्रॅम. एका दाण्याचे वजन सुमारे ४० मिलिग्रॅम धरले, तर हे झाले २५० दाणे. दोन ओळींत २२.५ सेंटिमीटर अंतर असेल, तर एका चौरस मीटरमध्ये ओळीची लांबी सुमारे ४.४४ मीटर येते. म्हणजे ओळीच्या एका मीटरवर सुमारे ५६ दाणे, आणि दोन दाण्यांत दोन सेंटिमीटरांहूनही कमी अंतर. ओळीतील दाणे तर एकमेकांना अधिकच खेटलेले असतात ! केवळ जागेच्या दृष्टीने पाहिले, तर तिफणीचा पक्ष फारसा बळकट ठरत नाही. इंग्लंडमधील जुन्या वादात फोकण्याच्या कैवाऱ्यांना जो थोडा आधार मिळाला, तो या अंगाने होता.

तिफणीचे खरे बळ खोलीत आणि ओळीत आहे. फोकलेले बी वखराने झाकले की काही दाणे वरच राहतात, काही बोटभर खाली जातात आणि काही ढेकळाखाली इतके खोल गाडले जातात की त्यांचा कोंब वर पोहोचतच नाही. राहिलेले दाणेही मागेपुढे उगवतात. आधी उगवलेले रोप मागून उगवणाऱ्यावर सावली धरते, आणि कापणीच्या वेळी काही ओंब्या पक्व तर काही हिरव्या असतात. तिफणीचे सर्व बी जवळजवळ एकाच खोलीवर, गव्हाच्या बाबतीत सुमारे पाच सेंटिमीटरांवर, ओलीत पडते आणि एकदम उगवते. शिवाय ओळ असली म्हणजे कोळपे किंवा डवरा चालतो. फोकलेल्या पिकात तो चालविता येत नाही. तेथे खुरप्याने निंदणीच करावी लागते, आणि आजच्या मजुरीच्या दरात ती परवडत नाही. उगवण कमी होणार हे धरूनच फोकण्यासाठी बियाणे तिफणीपेक्षा सुमारे चतुर्थांश अधिक घेण्याची चाल आहे. जाहिरातीत 'ब्रॉडकास्ट केले, मजुरी वाचली' असे छापलेले असते, तेव्हा हे जादा बी आणि ही निंदणी हिशेबात धरलेली आहे काय, हे शेतकऱ्याने आधी विचारावे.

याचा अर्थ फोकणे सर्वत्र टाकाऊ आहे असा नाही. हिरवळीच्या खतासाठी ताग पेरावयाचा, तर तो दाट उगवून जमीन झाकणे हाच हेतू असतो आणि पीक फुलावर येताच गाडावयाचे असते. त्याला ओळ कशाला हवी? बरसीमचे बी पाणी भरलेल्या वाफ्यात फोकतात. वाफ्यातील मेथी व कोथिंबीर यांनाही फोकणेच बहुधा सोयीचे पडते. बी बारीक असेल, तर त्यात चाळलेली माती किंवा वाळू मिसळून मूठ भरावी लागते. बियांचे दोन सारखे भाग करावेत, एक भाग उभ्या दिशेने व दुसरा आडव्या दिशेने फोकावा. त्यायोगे मोठ्या मोकळ्या जागा राहत नाहीत. ट्रॅक्टरमागे लावावयाच्या चकतीच्या यंत्रालाही इंग्रजीत 'ब्रॉडकास्टर' म्हणतात. त्याची फेक मध्यभागी दाट आणि कडेला विरळ पडते, म्हणून दोन फेऱ्यांच्या कडा एकमेकींवर याव्या लागतात.

रानातून नभात

विसाव्या शतकाच्या आरंभी बिनतारी संदेश मुख्यत: जहाजांना पाठवीत. पाठविणारा एक, घेणारा एक. मधल्या मध्ये कोणीही तो ऐकू शकतो, ही त्या काळी अडचण मानली जात असे. १९२० च्या सुमारास या अडचणीलाच उपयोग सापडला : ज्याच्यापाशी यंत्र असेल त्या प्रत्येकाने ऐकावे असे बोलणे आणि गाणे सोडावयाचे. या नव्या कामाला नाव शोधताना लोकांच्या हाती शेतीचा शब्द लागला. बी कोणत्या ढेकळावर पडेल हे पेरक्याला ठाऊक नसते. आवाज कोणाच्या घरात पोहोचेल हे बोलणाऱ्याला ठाऊक नसते. १९२२ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या नावात हा शब्द आला आणि तेथून तो जगभर गेला. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. मराठीत नभोवाणी, आकाशवाणी असे शब्द रूढ झाले. त्याबरोबर 'ध्वनिक्षेपण' असाही शब्द आला. 'क्षेपण' म्हणजे फेकणे. ज्यांनी हा शब्द घडविला, त्यांनी इंग्रजी शब्दातील 'कास्ट' नेमका पकडला होता. त्यातील बी मात्र मराठीत गळून पडले, आणि म्हणूनच आज 'ब्रॉडकास्ट'चा शेतीतील अर्थ आपल्याला परका वाटतो. वास्तविक मराठीतही 'बातमी पेरणे' हा प्रयोग आहेच; त्यात मात्र पेरणारा गुपचूप असतो आणि जागा हेरून पेरतो, म्हणून तो फोकण्यापेक्षा टोकण्याच्या जवळचा आहे.

या संबंधात पुणे येथील एका प्रयोगाची आठवण करणे उचित होईल. १९५६ मध्ये आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्राच्या टापूतील १५० गावांत शेतकऱ्यांची रेडिओ मंडळे स्थापन केली. दहा आठवडे, आठवड्यातून दोन वेळा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई. मंडळातील माणसे एकत्र बसून तो ऐकत, मग त्यावर आपसांत चर्चा करीत, आणि आपल्या शंका केंद्राकडे पाठवीत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडून या प्रयोगाचे मूल्यमापन झाले. मंडळे असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत ठळक भर पडलेली आढळली. ज्या गावांत मंडळे नव्हती, तेथे फरक नगण्य होता, आणि जो थोडा होता तो बहुतांशी रेडिओ असलेल्या गावांत होता. तोच कार्यक्रम, तोच आवाज. एकीकडे तो फोकून टाकलेला राहिला, दुसरीकडे गावकऱ्यांनी तो चर्चेच्या मातीने झाकून घेतला. पुढे १९५९ पासून अशी मंडळे देशाच्या इतर भागांतही काढण्यात आली. आज हाच प्रश्न भ्रमणध्वनीवरील संदेशांचा आहे. एका बोटाने एकच सल्ला हजार जणांना धाडता येतो, पण तो कोणाच्या ओलीत पडला आणि कोणाच्या ढेकळावर, हे बांधावर जाऊन विचारल्याखेरीज कळत नाही.

पत्रक वाचताना

इंग्रजी पत्रकात 'ब्रॉडकास्ट' आला की प्रथम पाहावे, तो बियाण्याविषयी आहे की खताविषयी. बियाण्याविषयी असल्यास 'फोकून' असा अर्थ घ्यावा; 'ड्रिल' असल्यास पाभरीने किंवा तिफणीने पेरणे; 'डिबल' असल्यास टोकणे; 'ट्रान्सप्लांट' असल्यास रोपांची लावणी. विलायतेतील किंवा उत्तरेतील ओलिताच्या मुलखासाठी लिहिलेल्या पत्रकात 'ब्रॉडकास्ट' सुचविलेले असले, तरी आपल्या कोरडवाहू रब्बीला ते जसेच्या तसे लावू नये.

खताच्या बाबतीत अधिक जपावयास हवे, कारण येथे चूक डोळ्यांना दिसत नाही. बी वर राहिले तर पाखरे तरी येतात. स्फुरद वर राहिला तर काहीच दिसत नाही. स्फुरद जमिनीत जेथे पडेल तेथून फारसा हलत नाही. तो फोकून वरच्या वर राहिला, तर मुळे खाली आणि खत वर अशी ताटातूट होते. शिवाय विखुरलेल्या कणाकणाला अधिक माती भिडते आणि त्यातील बराच भाग तिच्याशी बांधला जाऊन पिकाला दुर्लभ होतो. म्हणून पेरणीच्या वेळी दोन चाड्यांच्या पाभरीने तो बियाण्याच्या बाजूस किंवा खाली, सुमारे पाच सेंटिमीटरांवर पडेल असे करावे. युरियाची गोष्ट निराळी : तो पाण्याबरोबर हलतो, म्हणून उभ्या पिकाला फोकून देता येतो. परंतु ओलसर जमिनीवर तो तसाच उघडा राहिला, तर त्यातील नत्र अमोनिया वायूच्या रूपाने उडून जाते. फोकल्यानंतर कोळप्याने तो मातीत मिसळावा, अथवा पाठोपाठ हलके पाणी द्यावे. भाताच्या खाचरातही, साठलेल्या पाण्यात फोकलेल्या युरियाचा मोठा वाटा वाया जातो. चारसूत्री पद्धतीत युरिया-डीएपीची गोळी चार चुडांच्या मध्यभागी ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचतात, ती याच कारणाने.

आणि जेथे फोकण्यावाचून गत्यंतरच नाही, असेही एक पीक आहे. पूर्व विदर्भातील 'उतेरा' पद्धतीत धानाच्या कापणीपूर्वी सुमारे दोन आठवडे, बांधीत ओल असताना, उभ्या धानातच लाखोळी किंवा जवसाचे बी फोकतात. तेथे तिफण शिरू शकत नाही आणि नांगरटीला सवड नसते. धान कापून होईपर्यंत ओल निघून जाते. उभ्या धानाच्या सावलीत, न झाकलेले बी ओल्या चिखलावर रुजते, आणि कापणी होताच कोवळी रोपे धसकटांच्या मधून वर दिसू लागतात. पाणी बांधीत तुंबले असेल तर बी कुजते, आणि चिखल फार वाळला असेल तर ते धरत नाही. पायाचा ठसा उमटेल पण त्यात पाणी साचणार नाही, इतपत ओल पाहून बी टाकावे.